तिसऱ्यांदा दिलेली सॅट

“तीन-तीनदा परीक्षा दिली हे कॉलेजला कळलं, तर मुलगी कच्ची आहे असं नाही का वाटणार?” अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करणाऱ्या मुलांचे पालक सॅट या प्रवेशपरीक्षेबद्दल दर पावसाळ्यात मला हा प्रश्न विचारतात. त्याचे उत्तर मला पुण्यातील एका बारावीच्या मुलीच्या निमित्ताने नीट उमगले. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

तिला १४००, १४३० आणि १४७० असे गुण मिळाले होते, तरी ती चौथ्यांदा बसणार होती. “दीड हजार व्हायलाच हवेत,” ती म्हणाली. ‘हवेच’ असा हट्टच माणसाला छळतो, असे सांगणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी मी असल्यामुळे माझे कान त्या ‘च’पाशीच थांबले.

चौथ्या भेटीत मी तिला बेरजा बाजूला ठेवून विभागवार गुण लिहायला सांगितले. वाचन-लेखनाखाली ६४०, ७००, ६९० आणि गणिताखाली ७६०, ७३०, ७८० असे आकडे आले. प्रत्येक रांगेतील सर्वांत मोठ्या आकड्याला तिने गोल केला.

“चौदाशे ऐंशी? पण एवढे मला कधीच मिळाले नाहीत!”

यालाच सुपरस्कोर म्हणतात, आणि अमेरिकेतील एमआयटीसारखी संस्था प्रत्येक विभागातील सर्वोच्च गुणच विचारात घेते. जिथे निवडीची मुभा असते, तिथेही एका दिवसाचा निकाल संपूर्णच पाठवावा लागतो, एकच विभाग वेगळा काढता येत नाही. म्हणून तिला शेवटचे दोन्ही निकाल पाठवणे भाग होते, १४०० चा मात्र नव्हता. जॉर्जटाउन विद्यापीठाने सर्व निकाल मागण्याची प्रथा पाळली आहे, तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शाखा प्रवेशाचा निर्णय घेताना सॅटचे गुण पाहतच नाहीत. त्यामुळे आधी प्रत्येक महाविद्यालयाचा नियम वाचावा आणि एखादा विभाग खरोखर मागे असेल, तरच पुन्हा बसावे, असे मी सांगते.

तिची नजर मात्र ७३० वरच खिळलेली होती. “हा निकाल पाहून बाबांनी फोन पालथा ठेवला होता,” ती हळूच म्हणाली.

चौथी परीक्षा कोणासाठी होती, हे त्या क्षणी आम्हा दोघींनाही कळले. आपल्याकडे ‘अटेम्प्ट’ हा शब्द नापासाच्या शेजारी बसतो, आणि ती भीती आपण नकळत परक्या देशातील प्रवेश समितीच्या माथी मारतो.

पुढच्या भेटीला वडील आले. त्यांनी तो कागद मागून घेतला, चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही गोलांची बेरीज स्वतः केली आणि मुलीला विचारले, “मग निबंध कुठवर आलाय?”