साडेतेरा वर्षे कॅप्टन: एर्विन रोमेलच्या नोकरीबद्दल वाचकांचे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातला जर्मन सेनापती रोमेल याचे नाव निघाले की आफ्रिकेतले वाळवंट आलेच. पण १९१० साली पलटणीत भरती झालेला हा माणूस १९४१ साली आफ्रिकेत उतरला, मधली तीस वर्षे कुणी फारशी विचारत नाही. या वेळच्या बहुतेक वाचकांनी नेमके तेच विचारले आहे.

प्रश्न: रोमेल जर्मन जनरल स्टाफचा अधिकारी होता का? एका लेखात ‘होता’ असे वाचले, दुसऱ्यात ‘नव्हता’.

नव्हता. जर्मन सैन्यात ‘जनरल स्टाफ’ म्हणजे मुख्यालयात काम करणारा कुणीही अधिकारी नव्हे. कडक निवड आणि वेगळे प्रशिक्षण यांतून घडवलेला तो एक छोटा वर्ग होता. रोमेल त्या वाटेने गेलाच नाही. पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी त्याची बदली एका कोअरच्या (काही डिव्हिजन मिळून बनणाऱ्या फौजेच्या) मुख्यालयात झाली होती, त्यावरून घोटाळा होतो.

ओळखायची सोपी खूण सांगतो. कर्नलपर्यंतच्या जनरल स्टाफ अधिकाऱ्याच्या हुद्द्यानंतर जर्मन कागदपत्रांत ‘इ. गे.’ (‘इम गेनेरालश्टाब’, म्हणजे जनरल स्टाफमधला) ही दोन आद्याक्षरे लागतात आणि त्याच्या विजारीला किरमिजी पट्टे असतात. फोटोत रोमेलच्या विजारीवर लाल पट्टे दिसतात ते जनरलच्या हुद्द्याचे. रंगाची छटा वेगळी, पण कृष्णधवल फोटोत ती कळत नाही. लेखक फसतात ते तिथे.

त्याची सुरुवात साधीच होती. वडील मुख्याध्यापक, घराणे लष्करी नाही, नावात सरदार घराण्याची खूण असलेले ‘फॉन’ नाही. जुलै १९१० मध्ये तो दक्षिण जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गच्या १२४ व्या पायदळ रेजिमेंटमध्ये उमेदवार म्हणून लागला. आधी शिपायाची कामे, मग कॉर्पोरल, मग सार्जंट. मार्च १९११ मध्ये डान्झिगच्या युद्धशाळेत रवानगी आणि जानेवारी १९१२ मध्ये लेफ्टनंट. अधिकारी होण्याची नेहमीची पद्धत हीच होती: आधी बराकीत राहायचे, मग वर्गात बसायचे.

प्रश्न: एवढा पराक्रमी अधिकारी दोन युद्धांच्या मधे इतकी वर्षे एकाच हुद्द्यावर का अडकला? त्याच्यावर राग होता का?

राग कुणाचा नव्हता, जागाच नव्हत्या. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीचे सैन्य १,००,००० वर आणले आणि त्यात अधिकारी फक्त ४,०००. वरचा निवृत्त झाल्याशिवाय खालचा सरकत नाही, हे सरकारी नोकरी केलेल्यांना समजावून सांगायला नको. रोमेल ऑक्टोबर १९१८ मध्ये कॅप्टन झाला आणि मेजर झाला तो एप्रिल १९३२ मध्ये. त्यातली बरीच वर्षे श्टुटगार्टमध्ये १३ व्या पायदळ रेजिमेंटच्या कंपनीवर गेली आणि १९२९ पासून चार वर्षे ड्रेस्डेनच्या पायदळ शाळेत शिकवण्यात. पुढे गोसलारची बटालियन, पॉट्सडामची युद्धशाळा, वीनर नॉयश्टाटची युद्धशाळा.

मग हिटलरने तह धुडकावून सैन्य वाढवले आणि जागा भराभर निघाल्या. ऑगस्ट १९३९ मध्ये जनरल, २२ जून १९४२ रोजी फील्ड मार्शल. कॅप्टनचा मेजर व्हायला साडेतेरा वर्षे, मेजरचा फील्ड मार्शल व्हायला दहा!

हुद्दे वाचताना एक चूक टाळा. त्या काळच्या जर्मन सैन्यात ब्रिगेडियर हा हुद्दा नव्हता. त्यांचा ‘गेनेरालमायोर’ म्हणजे आपल्याकडचा मेजर जनरल नव्हे, त्याच्या एक पायरी खालचा. ‘गेनेराललॉयटनंट’चेही तसेच. अक्षराला अक्षर लावून भाषांतर केले की प्रत्येक जर्मन जनरल एक पायरी वर चढून बसतो.

प्रश्न: १९१७ मध्ये मताजूर डोंगरावर मूठभर माणसांनिशी त्याने ९,००० इटालियन पकडले, हे खरे मानावे का?

आकडा खरा मानावा, पण त्यामागची रीत समजून घेऊन. इटलीच्या ईशान्य सीमेवरच्या इझोन्झो नदीच्या आघाडीवरची ही बारावी लढाई, ती कापोरेत्तोच्या नावाने ओळखली जाते. हल्ला २४ ऑक्टोबरला सुरू झाला आणि २६ तारखेला दुपारच्या आत रोमेल १,६४२ मीटर उंचीच्या शिखरावर होता. सुमारे ५२ तासांत ९,००० कैदी आणि ८१ तोफा. स्वतःकडचे ६ मृत, ३० जखमी.

तो व्युर्टेम्बर्गच्या पहाडी बटालियनमध्ये होता. या बटालियनमध्ये कंपन्या बांधील नसत; कामाप्रमाणे तीन-चार रायफल कंपन्या आणि मशीनगनवाले जोडून एक तुकडी बनवत आणि ती एखाद्या लेफ्टनंटच्या हाती देत. म्हणजे लेफ्टनंटच्या हाताखाली जवळजवळ बटालियन. जड मशीनगन ही यातली कळीची वस्तू. बैठकीसकट तिचे वजन ६० किलोंच्या वर, ती सुटी करून खांद्यावर डोंगर चढवायची. समोरून या मशीनगन शत्रूचे डोके खाली दाबून ठेवत, तेवढ्यात रायफलवाले झाडीतून किंवा घळीतून बाजूने वर सरकत. फट सापडली की तिथेच थांबून ती रुंद करायची नाही, सरळ आत घुसून मागचा रस्ता अडवायचा.

२५ तारखेला त्याने केले तेच. कोलोव्रातच्या धारेवर फट पाडून तो खाली उतरला आणि लुइको गावामागचा रस्ता अडवून बसला. मागून धोका असेल याची कल्पनाच नसलेली बेर्साल्येरी (इटलीचे चपळ पायदळ) पलटण रस्त्याने चालत आली आणि सुमारे २,००० जण सापळ्यात सापडले. दुसऱ्या दिवशी सालेर्नो ब्रिगेडच्या एका रेजिमेंटसमोर तो हातरुमाल हलवत एकटाच पुढे गेला. तिथल्या १,५०० सैनिकांनी बंदुका टाकल्या, धावत आले आणि त्याला खांद्यावर उचलून घेतले. हे रोमेलचे कौशल्य होतेच, पण अकरा लढायांत पिळून निघालेल्या इटालियन सैनिकांचा थकवाही होता. दोन्ही धरल्याशिवाय ९,००० चा हिशेब लागत नाही.

शेवटच्या चढाआधी मात्र गोची झाली. कैद्यांचे तांडे मागे येताना पाहून बटालियनच्या प्रमुखाला वाटले की काम संपले; त्याने माघारीचा हुकूम धाडला. त्याप्रमाणे बरेच लोक परत फिरलेसुद्धा. रोमेलने हुकूम बाजूला ठेवला आणि उरलेले साधारण १०० रायफलवाले व ६ जड मशीनगन घेऊन शिखर गाठले. पुढे त्याला ‘पूर ल मेरीत’ हे सर्वोच्च पदक मिळाले. म्हणजे हुकूम मोडला तर बक्षीस मिळते, हा धडा वयाच्या २५ व्या वर्षी! माझ्या मते त्याच्या पुढच्या यशाचे आणि घोटाळ्यांचेही मूळ इथे आहे.

एक सावधगिरी: या लढाईचे बारकावे मुख्यतः रोमेलच्याच १९३७ च्या पुस्तकातून येतात. त्यात शेजारच्या तुकड्यांना जागा थोडी आहे.

प्रश्न: रणगाड्यांचा अनुभव नसताना त्याला पान्झर (रणगाड्यांची) डिव्हिजन कशी मिळाली?

ओळखीने. स्पष्टच सांगायचे तर हिटलरच्या. १९३९ मध्ये पोलंडच्या मोहिमेत रोमेल हिटलरच्या फिरत्या मुख्यालयाच्या सुरक्षेवर होता. नंतर त्याने पान्झर डिव्हिजन मागितली. पहाडी युद्धाचा अनुभव पाहून सैन्याच्या बढती-बदली खात्याला त्याला पहाडी डिव्हिजन द्यायची होती; हिटलरच्या शब्दावर फेब्रुवारी १९४० मध्ये ७ वी पान्झर मिळाली. तो नाझी पक्षाचा सदस्य नव्हता एवढ्यावरून त्याला राजकारणापासून अलिप्त ठरवणारे हा भाग गाळतात.

१३ मे १९४० रोजी बेल्जियममध्ये डिनाँजवळ म्यूज नदी ओलांडताना त्याच्याकडे धुराचा पडदा करणारी तुकडी नव्हती. त्याने नदीकाठची काही घरे पेटवायला लावली आणि त्या धुराआडून रबरी होड्या सोडल्या. डिव्हिजनचा प्रमुख, पण डोके कंपनी कमांडरचे. २१ मेला आरास येथे ब्रिटिशांच्या माटिल्डा रणगाड्यांवर ३७ मिलिमीटरच्या तोफांचे गोळे आपटून पडू लागले, तेव्हा त्याने विमानविरोधी ८८ मिलिमीटरच्या तोफाही रणगाड्यांवर रोखल्या. आफ्रिकेत याच तोफेने नाव काढले.

प्रश्न: आघाडीवर राहण्याच्या सवयीचा तोटा झाला का?

झाला. नोव्हेंबर १९४१ मध्ये तो रणगाडे घेऊन इजिप्तच्या सीमेवरच्या तारेच्या कुंपणाकडे धावला आणि मुख्यालयाशी संपर्क तुटला. एक रात्र तर तो आणि त्याच्या हाताखालचा जनरल क्र्यूवेल शत्रूकडून पळवलेल्या मोटारीत, कुंपणाच्या पलीकडच्या बाजूला अडकून पडले. इकडे लिबियातल्या तोब्रुक बंदराजवळ परिस्थिती बिघडत चालली होती. शेवटी वेस्टफाल या कर्नलच्या हुद्द्याच्याही खालच्या स्टाफ अधिकाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर २१ व्या पान्झर डिव्हिजनला परत बोलावले.

प्रश्न: तोब्रुक पडले तेव्हा तिथे मराठा पलटण होती असे ऐकले. खरे का?

खरे, आणि घाव पहिला तिच्यावरच बसला. ११ व्या भारतीय ब्रिगेडमधली २/५ मराठा लाइट इन्फंट्री आग्नेय बाजू सांभाळत होती. २० जून १९४२ च्या पहाटे श्टुका विमानांनी तिच्याच मोर्च्यांवर बॉम्ब टाकले, मागोमाग तोफखाना, मग सुरुंग काढणारे सॅपर आणि रणगाडे. १९४१ मध्ये आठ महिने टिकलेला हा कोट आता पोकळ झाला होता. रणगाडाविरोधी चर जागोजागी वाळूने भरून गेला होता, सुरुंग उपसून दुसरीकडे नेले होते आणि तटबंदीच्या लांबीच्या मानाने माणसे विरळ होती. सकाळीच फळी फुटली, संध्याकाळी जर्मन रणगाडे बंदरावर. २१ तारखेला शरणागती, सुमारे ३३,००० कैदी. रोमेलच्या फील्ड मार्शलपदाची तारीख वर दिली आहे, ती पुन्हा पाहा.

प्रश्न: पुरेशी रसद मिळाली असती तर तो कैरोला पोहोचला असता का?

रसद इटलीहून निघत नव्हती असे नाही, ती बंदरातून पुढे जात नव्हती. जर्मन हिशेबाप्रमाणे एका मोटारवाहू डिव्हिजनला पाण्यासकट रोज ३५० टन माल लागे. तो सुमारे ४८० किलोमीटर वाळवंटातून न्यायचा तर दोन टनी ट्रकांच्या ३९ रांगा, प्रत्येकीत ३० ट्रक, म्हणजे ११७० गाड्या. लिबियातल्या त्रिपोली बंदरापासून इजिप्तमधल्या एल अलामेनपर्यंतचे अंतर याच्या चौपट. पुढे सरकावे तसे ट्रक स्वतःच जास्त पेट्रोल पिणार. जहाजे वाढवून हे गणित सुटत नव्हते.

प्रश्न: रोमेल फेटेवाल्या शीख सैनिकांची पाहणी करतो आहे, असा एक फोटो फिरतो. तो बनावट आहे का?

नाही. तो फेब्रुवारी १९४४ मधला, फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा. तेव्हा रोमेलकडे किनाऱ्याच्या संरक्षणाची पाहणी होती. समोरचे सैनिक सुभाषबाबूंच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या ‘आझाद हिंद’ तुकडीचे, जर्मन हिशेबात ९५० वी पायदळ रेजिमेंट. त्यातले कितीतरी जण उत्तर आफ्रिकेत रोमेलच्याच फौजेच्या हाती लागलेले कैदी होते. खात्री करायची तर फेट्यावर जाऊ नका, ब्रिटिश बाजूलाही फेटे होतेच. उजव्या बाहीवरची ढाल पाहा: केशरी, पांढरा, हिरवा पट्टा, त्यावर झेप घेणारा वाघ.