आई म्हणते चेहरे काढ, मैत्रीण म्हणते कुणाचं ऐकू नकोस

प्रश्न : नमस्कार, मी सोलापूरची, वय २६, बँकेत जॉब करते आणि सुट्टीच्या दिवशी वॉटरकलर. सिद्धेश्वर तलाव, भुईकोट, कंबर तलाव असं जागेवर बसून काढते. पण ते इन्स्टावर टाकलं की घरचेच चारजण लाइक करतात, आणि पेन्सिलनं एखाद्या हिरोचा चेहरा फटाफट काढतानाचा रील टाकला की हजारोंनी व्ह्यूज. एका प्रदर्शनाला दोनदा चित्रं पाठवली, निवड झाली नाही, कारण पण कळवलं नाही. आई म्हणते लोकांना आवडतंय ते काढ की. मैत्रीण म्हणते लोकांचा विचारच सोड. कुणाचं ऐकू? चित्रांचे फोटो जोडलेत.

उत्तर : दोघींचंही थोडं थोडं ऐका, पूर्ण कुणाचंच नको.

मैत्रिणीचा सल्ला ऐकायला भारी वाटतो, पण तो खरंच पाळणारा चित्रकार शोधायला गेलं तर सापडणं अवघड आहे हो. फ्रेंच चित्रकार सेझानचं बघा ना. पॅरिसला सलों नावाचं मोठं वार्षिक प्रदर्शन असायचं, त्यांनी याची चित्रं वर्षानुवर्षं परत पाठवली, १८६३ ला नाकारलेल्यांचं वेगळं प्रदर्शन भरलं त्यात हा होता, १८८२ ला एकदा आत घेतलं ते पण एका चित्रकार मित्राचा शिष्य म्हणून, आणि पहिलं स्वतंत्र प्रदर्शन झालं १८९५ ला, वय ५६. म्हणजे मान्यता त्याला हवीच होती, तो पाठवत राहिला. फक्त त्यांना आवडावं म्हणून हात बदलला नाही.

आपल्याकडे असा विषय निघाला की लगेच चित्रकार गायतोंडेंचं नाव काढतात, एकांतात राहिले, कुणाची पर्वा केली नाही वगैरे. अर्धंच खरंय ते. १९५७ ला टोकियोत बक्षीस, १९६४ ला रॉकफेलर फेलोशिप, १९७१ ला पद्मश्री, मान मिळालाच की! पण म्हणून त्यांनी वेग वाढवला नाही, वर्षाला मोजकीच चित्रं. २०१३ ला मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटींच्या वर गेलं तेव्हा त्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती.

आता तुमचे व्ह्यूज. त्यातला बराच भाग त्या हिरोचा आहे, राग मानू नका. आणि लाइक करणारा तुमच्या चित्रातलं तलावाचं पाणी सपाट झालंय हे कधी सांगणार नाही. प्रदर्शनाच्या नकारातही कारण नव्हतं, मग त्यात आपणहून कारण कशाला शोधायचं? तुम्हाला हवाय एक चूक दाखवणारा माणूस, सोलापुरात चांगले रिटायर्ड ड्रॉइंगचे सर निघतील, चित्रं घेऊन जा आणि कसं वाटलं असं विचारू नका, कुठं बिघडलं ते विचारा.

आईचं म्हणाल तर पोर्ट्रेटच्या ऑर्डरी खुशाल घ्या. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, कॉटन पेपर काय भावानं येतो ते तुम्हाला माहितीच आहे, तो खर्च त्यातून निघू दे. पण तलावावर बसल्यावर मोबाईल बॅगेत. रेकॉर्डिंग चालू असलं की माणूस जमणारंच काढतो, फसायची हिंमत करत नाही, आणि फसल्याशिवाय वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, जमत नाही.

फोटो बघितले. आकाशाचा वॉश मधेच तुटलाय, हे बहुतेक आपल्या उन्हामुळं, एप्रिलमध्ये कागद अर्ध्यातच वाळतो. सकाळी सातच्या आत बसा, कागद दोन्ही बाजूंनी भिजवून घ्या. रंग वाळल्यावर फिका पडतो, तेव्हा पहिलाच हात जरा गडद टाका. भुईकोटाच्या दगडाला ट्यूबमधला काळा वापरलाय बहुतेक, सगळी भिंत मेल्यासारखी दिसते. त्याऐवजी अल्ट्रामरीन निळा आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना मिसळा, निळा वाढवला की सावलीतला दगड, सिएना वाढवला की उन्हातला. तीच भिंत परत काढून पाठवा, रील नको.