आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात रोजचं जगणं कसं असतं? स्थानिक परंपरा काही उरल्या आहेत का, की सगळं पबमध्येच संपतं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की डब्लिनच्या तुमच्या मित्राने कॉर्कला "मोठं खेडं" म्हटलं आणि तिथे बघण्यासारखं काही नाही असं सांगितलं. हेच वाक्य मी माझ्या दिराच्या तोंडून दर दिवाळीला ऐकते. तेही डब्लिनचेच. शिवाय कॉर्कला राहावं का, हेही तुम्ही विचारलंय. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, घाईत असाल तर शेवटचे दोन परिच्छेद वाचा.

मी मूळची कोल्हापूरची. कॉर्कजवळ रिंगास्किडीला औषध कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. कॉर्क मला फार लवकर कळलं, कारण कोल्हापूरच्या माणसाला पुण्या-मुंबईबद्दल जे वाटतं तेच इथल्या माणसाला डब्लिनबद्दल वाटतं. राजधानी तिकडे असेल, खरं गाव इकडे. "पीपल्स रिपब्लिक ऑफ कॉर्क" छापलेले टी-शर्ट लोक निम्मे थट्टेने, निम्मे मनापासून घालतात. हर्लिंगचा (काठी-चेंडूचा आयरिश खेळ) मोठा सामना असला आणि लाल-पांढरे झेंडे खिडक्यांतून बाहेर आले की थट्टेचं निम्मं गळून पडतं.

रोज काय दिसतं, तर आधी पाणी. ली नदी शहराला दोन फाट्यांत धरून बसली आहे आणि मधलं गाव दलदलीवर उभं आहे. मुख्य रस्ता सेंट पॅट्रिक स्ट्रीट, इथल्या बोलीत "पॅना", असा बाकदार का, तर तो अठराव्या शतकात बुजवलेल्या एका प्रवाहावर बांधलाय. साउथ मॉलवर काही जुन्या इमारतींचं दार पायऱ्या चढून वर आहे आणि पायऱ्यांच्या पोटात खाली दुसरं दार. त्या खालच्या दारात पूर्वी होड्या लागायच्या. आता तिथे वकिलांच्या पाट्या आहेत. पॅनाच्या टोकाला फादर मॅथ्यूंचा पुतळा आहे, १८६४ चा. या गृहस्थांनी १८३८ मध्ये कॉर्कमध्ये दारूबंदीची चळवळ सुरू केली आणि लाखो लोकांना शपथ दिली. आज शनिवारी रात्री पबमध्ये जायला निघालेली पोरं एकमेकांना "पुतळ्यापाशी भेटू" म्हणतात, ते याच पुतळ्यापाशी.

शँडनचं घड्याळही रोज दिसतं, टेकडीवर आहे. सेंट ॲन चर्चचा मनोरा, दोन बाजू लाल दगडाच्या, दोन पांढऱ्या, वर वाऱ्याची दिशा दाखवणारा सोनेरी सामन मासा. घड्याळाला चार तोंडं आणि चारही वेगवेगळी वेळ सांगतात, म्हणून त्याचं नाव "चार तोंडांचा खोटारडा". महापालिकेने दुरुस्त करावं अशी मागणी कुणी करताना मी तरी ऐकलं नाही. तिथल्या आठ घंटा १७५२ पासून वाजताहेत आणि तिकीट काढून कुणीही वाजवू शकतो. दोऱ्यांना आकडे लावलेत, हातात आकड्यांचं कार्ड देतात, ओढायचं. त्यामुळे शनिवारी दुपारी कपडे वाळत घालताना (म्हणजे पाऊस नसेल तर) एखाद्या पर्यटकाची चुकतमाकत वाजवलेली चाल अख्ख्या गावासोबत आपणही ऐकतो.

इंग्लिश मार्केटवर मी वेगळं उत्तर लिहू शकते. १७८८ पासूनचा बाजार. २०११ मध्ये राणी एलिझाबेथ येऊन मासेवाल्याशी हसत उभी राहिली तो फोटो तुम्ही पाहिला असेल. तिथे वजडी आणि ड्रिशीन मिळतं. ड्रिशीन म्हणजे रक्ताचं सॉसेज, मऊ, राखाडी. रक्ती खाणाऱ्या घरातून आलेल्यांनी घाबरायचं कारण नाही, बाकीच्यांनी लांबून बघावं. ख्रिसमसच्या आधी मसाल्यात मुरवलेलं बीफ टांगलेलं दिसतं. माझा खाटीक मला दर वेळी विचारतो की एवढे बारीक तुकडे आणि तेही हाडासकट कशाला, आणि दर वेळी मी सांगते, रश्शाला.

आता परंपरा. इथे माझी नस दुखते, म्हणून सविस्तर.

६ जानेवारीला इथे "नॉलिग ना मान" असते, म्हणजे बायकांचा ख्रिसमस. नाताळ त्या दिवशी संपतो, झाड उतरवतात, माळा काढतात. महिनाभर राबलेल्या बायका त्या दिवशी घरात बोटही हलवत नाहीत, बाहेर पडतात. स्वयंपाक, भांडी, पोरं पुरुषांकडे. बाकी आयर्लंडमध्ये ही प्रथा जवळजवळ विसरली गेली होती. कॉर्क आणि केरीमध्ये ती कधी मेलीच नाही.

एका वर्षी त्या दिवशी दीर आणि जाऊ आमच्याकडे आले होते. मी सकाळीच मार्केटमधून मटण आणलेलं, पांढरा-तांबड्याचा बेत. खोबरं भाजून झालेलं, खसखस भिजलेली, घरून आलेला कांदा-लसूण मसाल्याचा डबा ओट्यावर उघडा. जाऊ लसूण सोलत होती. दोघे भाऊ सोफ्यावर, आणि भाऊजी माझ्या नवऱ्याला समजावत होते की कॉर्क दोन तासांत बघून होतं. तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारच्या बाई, सत्तरी ओलांडलेल्या, अंगात चांगला कोट, ओठांना लिपस्टिक, मागे त्यांची लेक. आत डोकावून म्हणाल्या, "तुम्ही दोघी अजून ओट्यापाशी? आज सहा तारीख आहे ना?"

मला माहीत होतं, पण पाहुणे घरात म्हणून मी गप्प बसले होते. बाईंनी सरळ सोफ्याकडे बघून सांगितलं की आजचं जेवण तुमच्याकडे. भाऊजी हसून म्हणाले, "डब्लिनमध्ये असलं काही नसतं." बाई म्हणाल्या, "डब्लिनमध्ये बरंच काही नसतं, बॉय."

इथे थोडं मागचं सांगायला हवं. सांगलीला आमच्या सासरी गणपतीत पहिली पंगत पुरुषांची. बायका जेवतात तेव्हा तीन वाजलेले असतात आणि मोदक फुटलेले उरतात. लग्न झाल्यापासून मी दर वर्षी विचारते की एक वर्ष उलटं करून बघू या का. आणि दर वर्षी भाऊजी म्हणतात, "वहिनी, परंपरा आहे, त्यात काय एवढं." सासरेही इतके ठामपणे बोलत नाहीत. त्या दिवशी कोटाची चेन लावता लावता मी म्हटलं, "भाऊजी, इथली परंपरा आहे. त्यात काय एवढं." जाऊने लसणाची ताटली त्यांच्या मांडीवर ठेवली. हे मी तिला सांगितलं नव्हतं.

पब बायकांनी गच्च भरलेला. आजी, लेक, नात एकाच टेबलाशी. कुणी स्टाउट (काळी बिअर) पीत होतं, कुणी नुसता चहा आणि टोस्ट सँडविच. म्हाताऱ्या बायकांसमोर गरम व्हिस्की, त्यात लिंबाची चकती आणि चकतीत टोचलेल्या लवंगा. जाऊने एकीचा ग्लास हुंगला आणि मला म्हणाली, "अगं, हा तर काढाच आहे." ती घेत नाही, तिच्यासाठी बॅरीजचा चहा आला, किटली भरून. शेजारच्या बाई सांगत होत्या की त्यांच्या आईकडे या दिवशी गावातल्या बायका जमायच्या, चांगल्या कपबशा निघायच्या, मनुकांचा केक कापला जायचा, आणि वडील आत बटाटे करपवायचे. बाई तरुण असताना कित्येक पबमध्ये बाईला पूर्ण पिंट देत नसत, मागितलाच तर अर्धा ग्लास. म्हणून त्या सहा तारखेला पूर्ण पिंट घेतात, अर्धा टाकावा लागला तरी. अशी बाई मला आवडते.

घरी आलो तर ओटा मी सोडला होता तसाच. भाऊ दोघं कोपऱ्यावरच्या चिपरमधून मासा आणि चिप्स घेऊन आले होते, व्हिनेगर मारून, कागदावर मांडून. वाईट नव्हतं. रस्सा दुसऱ्या दिवशी नवऱ्याने केला, मी फक्त खुर्चीवरून सूचना केल्या. भाऊजींनी मात्र रात्रीच सांगलीला फोन लावून वहिनी पबमध्ये गेल्याची बातमी दिली. सासूबाईंनी विचारलं, "मग तुम्ही कुकर लावलात की नाही?" तो फोन लवकर संपला. जाऊ आता डब्लिनमध्येही सहा तारखेला घराबाहेर पडते. तिकडची हॉटेलंही अलीकडे त्या दिवसाची जाहिरात करतात, म्हणजे कॉर्कने टिकवलं म्हणून डब्लिनला मिळालं. हे मी कौटुंबिक ग्रुपवर लिहिलं होतं, उत्तर आलेलं नाही.

बाकीच्या परंपरा भराभर. रविवारी गावाबाहेर पडलात आणि रस्त्यात माणसांचा घोळका दिसला तर हॉर्न वाजवू नका, रोड बोलिंग चालू असतं. सुमारे ८०० ग्रॅमचा लोखंडी गोळा पळत येऊन फेकायचा, ठरलेलं अंतर कमीत कमी फेकींत जो पार करेल तो जिंकला. पुढे एक जण पाय फाकवून मध्येच उभा राहतो आणि नेम धरायला रस्त्यावर गवताची जुडी ठेवतात. पैज लागते, नोटा उघड हातात असतात. हा खेळ मुख्यतः कॉर्क आणि आर्मा या दोन काउंटींत उरला आहे. कॉर्कचे लॉर्ड मेयर बोटीतून बंदराच्या तोंडाशी जाऊन समुद्रात भाला फेकतात, इथपर्यंत हद्द आमची हे सांगायला. पूर्वी संध्याकाळी निघणारा पेपर इको, १८९२ चा. तो विकणाऱ्यांची "एको, एको" ही आरोळी इतकी ओळखीची की पॅनावर पेपरवाल्या पोराचा पुतळा उभारलाय. बसमधून उतरताना प्रत्येक जण ड्रायव्हरला थँक्यू म्हणतो, हे तुम्हीही आठवड्यात करू लागाल. आणि कुणी गेलं तर ओळख नुसती बोलण्यापुरती असली तरी जातात, रांगेत उभे राहतात, हात हातात घेतात. यात मात्र डब्लिनलाही मी कमी लेखणार नाही.

चहाचं सांगते, कारण मित्र इथेही वाद घालेल. बॅरीज कॉर्कचा, १९०१ चा. लायन्स डब्लिनचा. बॅरीजमध्ये आसामची पत्ती असते, आलं घालून उकळला तरी दम धरतो. लायन्स आम्ही पाहुण्यांना देतो. स्टाउटचंही तसंच. डब्लिनची गिनेस सगळ्यांना माहीत, इथे मर्फीज आणि बीमिश. बीमिशची जुनी दारूभट्टी २००९ मध्ये बंद झाली, तरी बीमिश गावातच बनते.

आणि इतिहास सगळा डब्लिनचा, असं कुणी म्हणालं तर सिटी हॉलसमोर घेऊन जा. १९२० च्या डिसेंबरात ब्रिटिशांच्या सशस्त्र दलांनी या शहराचा मध्यभाग जाळला, जुना सिटी हॉल त्यातच गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात इथले लॉर्ड मेयर टेरेन्स मॅक्स्वीनी लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ७४ दिवसांच्या उपोषणानंतर गेले. १९२९ मध्ये क्रांतिकारक जतीन दास लाहोरच्या तुरुंगात उपोषणात गेले तेव्हा मॅक्स्वीनींच्या घरच्यांनी भारतात सांत्वनाची तार पाठवली होती. भाऊजी तिथे उभे राहून पार्किंग किती वेळाचं आहे ते बघत होते.

आता तुमचा खरा प्रश्न, राहावं का. नोकरी औषधं, वैद्यकीय उपकरणं किंवा आयटीतली असेल तर नक्की या. ॲपल इथे १९८० पासून आहे. शहर सव्वादोन लाखांचं, मधला भाग सगळा पायी होतो. पण घर मिळणं महाकठीण आहे, डब्लिनपेक्षा भाडं कमी असलं तरी कमी म्हणजे स्वस्त नव्हे. घर हातात आल्याशिवाय कुटुंबाला आणू नका. बसच्या वेळापत्रकावर शँडनच्या घड्याळाइतकाच विश्वास ठेवा. छत्री आणू नका, वाऱ्यात मोडते, टोपीचं जाकीट घ्या. घर बघताना नदीकाठचा तळमजला टाळा, मोठी भरती आणि पाऊस एकत्र आले की धक्क्यांवर पाणी चढतं. २००९ च्या नोव्हेंबरात मोठा पूर आला होता, घरमालक आपणहून सांगत नाहीत, विचारा.

इथले लोक फार भराभर बोलतात आणि वाक्य गाण्यासारखं वर-खाली जातं, पहिले काही आठवडे फोनवर काहीच कळत नाही. तोपर्यंत ईमेल करा. डब्लिनमध्ये पगार जास्त मिळत असेल तर तिकडे जा, मी काही कॉर्कची एजंट नाही. फक्त मित्राला विचारा की तो कॉर्कला शेवटचा कधी आला होता आणि किती वेळ थांबला होता.