परदेशातील बालगृहात बारा दिवसांची सेवा

प्रश्न : मी २६ वर्षांची परिचारिका असून पुण्यातील आमच्या मंडळीच्या तरुण संघात काम करते. येत्या मे महिन्यात आमच्यापैकी १४ जण काठमांडूजवळच्या एका ख्रिस्ती बालगृहात १२ दिवस सेवेसाठी जाणार आहेत. तेथे ४० मुले आहेत. सकाळी गाणी आणि बायबलमधील गोष्टी, दुपारी खेळ व हस्तकला आणि शेवटच्या दिवशी नवे कपडे व दप्तरे यांचे वाटप, असा कार्यक्रम ठरला आहे. प्रत्येकी ३२,००० रुपये खर्च येईल. माझा थोरला भाऊ समाजकार्य शिकवतो. अशा दौऱ्यांनी मुलांचे नुकसानच होते, असे तो म्हणतो. तर आमचे पाळक याकोबाच्या पत्रातील अनाथांचा समाचार घेण्याविषयीचे वचन (१:२७) दाखवतात. मी जावे की नाही? आणि गेल्यास तेथे प्रभूविषयी बोलण्यास कायद्याची अडचण येते का?
— एक भगिनी, पुणे

उत्तर : तुमचे पाळक आणि तुमचे बंधू आपापल्या जागी बरोबर आहेत, असे म्हणून मला हे उत्तर आटोपता आले असते. पण तुम्ही सरळ विचारले आहे, म्हणून सरळच सांगते : ठरला आहे त्या स्वरूपात हा दौरा करू नये, असे माझे मत आहे. वचनाला हरकत घेण्याचा प्रश्नच नाही. अडचण सुरू होते ती ‘अनाथ’ या शब्दापाशी.

नेपाळमधील बालगृहांत राहणाऱ्या बहुतेक मुलांची आई, वडील किंवा दोघेही हयात असतात. १९९६ ते २००६ या काळात माओवादी संघर्ष पेटला होता, तेव्हा हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतील आईबापांना आपली मुले लढाईत ओढली जाण्याची धास्ती होती. मुलांना शहरात चांगल्या शाळेत घालतो, असे सांगत दलाल गावात येत, त्यासाठी आईबापांकडून पैसेही घेत, आणि मुले काठमांडूला पोहोचल्यावर त्यांचे पालक मृत असल्याचे कागद तयार होत. संघर्ष संपला, तरी शहरातील शाळेची ओढ आणि परदेशी पाहुण्यांच्या देणग्या मागे उरल्या. देशात तेव्हा ७५ जिल्हे होते. नोंदणीकृत बालगृहांचा फार मोठा भाग मात्र काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, चितवन आणि पोखरा ज्यात येते तो कास्की, अशा पाच जिल्ह्यांत एकवटला होता. पाहुणे जेथे उतरतात नेमके तेथेच पोरकेपण वाढावे, याचा अर्थ वेगळा सांगायला नको. एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर सरकारने पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घातली, तिच्यामागे हाच अनुभव होता.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः काठमांडूच्या खोऱ्यातील एका बालगृहात गेले होते. फाटकातून आत शिरताच पाच-सहा वर्षांची एक मुलगी धावत आली, तिने माझे बोट धरले आणि मी पायरीवर टेकताच ती मांडीत येऊन बसली. माझे नाव तिने विचारले नाही. ‘कहिले जाने?’ एवढेच विचारले. कधी जाणार? त्यात रडवेपणा नव्हता. एसटीची वेळ विचारावी, तसे तिने विचारले. कार्यालयातील कपाटावर पंचवीसएक नवी दप्तरे प्लास्टिकच्या पिशव्यांसह रचून ठेवलेली होती आणि मुले मात्र शिवण उसवलेली दप्तरे पाठीला लावून शाळेत चालली होती. पुढच्या गटाला गरज दिसली पाहिजे, हे तेथे कोणी बोलून दाखवण्याची आवश्यकता नव्हती.

अनोळखी माणसाच्या मांडीत मूल असे चटकन बसते, तेव्हा पाहुण्यांना ते प्रेमळ वाटते. घरात वाढणारे त्याच वयाचे मूल आधी आईच्या पदराआड लपते आणि मग हळूच डोकावते. रुमानियातील चाउशेस्कूची राजवट १९८९ मध्ये कोसळल्यावर तेथील संस्थांतील मुलांमध्ये ही सरसकट सलगी अभ्यासकांना ठळकपणे दिसली. पुढे २००० मध्ये बुखारेस्ट येथे १३६ बालकांचा अभ्यास सुरू झाला. त्यांपैकी जी संगोपनासाठी एखाद्या कुटुंबात दिली गेली, ती संस्थेतच राहिलेल्या मुलांपेक्षा बुद्धीने आणि भावनेने अधिक सावरली, आणि वयाच्या दुसऱ्या वर्षाच्या आत ज्यांना घर मिळाले त्यांना बहुतेक बाबतींत सर्वांत जास्त लाभ झाला. तुमचे बारा दिवस जितके गोड जातील, तितका तेरावा दिवस त्या मुलांना जड जाईल, आणि मग पुढचा गट येईल.

आणखी एक साधी गोष्ट आहे, जी अशा बैठकांत सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मे हा आपल्या सुट्टीचा महिना आहे. नेपाळमध्ये शाळेचे नवे वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यानंतर सुरू होते. सकाळची गाणी आणि दुपारची हस्तकला मुलांची शाळा बुडवून होणार आहे का, हे एकदा विचारून पाहा.

तुमच्या मंडळीत कोणीतरी केडगावच्या मुक्ती मिशनचा दाखला देईल, आणि तो द्यावाच. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने मरणाच्या दारी पोहोचलेल्या मुलींना व स्त्रियांना त्यांनी आपल्याबरोबर आणले. त्या मुलींपुढे दुसरा पर्याय भुकेचाच होता. रमाबाईंनी त्यांना लिहायला-वाचायला शिकवले, विणकाम आणि छपाई शिकवली, आणि मुख्य म्हणजे १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत त्या तेथेच राहिल्या. ‘कधी जाणार?’ असे त्यांना विचारण्याची वेळ मुक्तीतल्या मुलींवर आली नाही.

आता कायद्याविषयी. २०१५ च्या नेपाळच्या राज्यघटनेने प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, परंतु दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास तिच्या २६ व्या अनुच्छेदाने मनाई केली आहे. ऑगस्ट २०१८ पासून लागू असलेल्या दंडसंहितेप्रमाणे धर्मांतर करणे किंवा त्यास प्रोत्साहन देणे यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० नेपाळी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परकीय व्यक्तीला शिक्षा भोगून झाल्यावर ७ दिवसांत देशाबाहेर काढले जाते. आपल्याला व्हिसा लागत नसला, तरी या कलमापुरते आपण परकीयच आहोत. २०१६ मध्ये दोलखा जिल्ह्यातील चरिकोट येथे भूकंपाने भेदरलेल्या मुलांच्या समुपदेशनाच्या वेळी येशूच्या जीवनावरील चित्रपुस्तिका वाटल्याच्या आरोपावरून ८ जणांना अटक झाली होती. त्याच वर्षी डिसेंबरात ते निर्दोष सुटले, पण मधले महिने त्यांच्या घरच्यांनी कसे काढले असतील, याचा विचार करावा. तुम्ही बारा दिवसांनी पुण्याला परताल. चौकशीला सामोरे जावे लागेल ते तेथील मंडळीला. शिवाय जे मूल जेवणासाठी आणि अंथरुणासाठी आपल्यावर अवलंबून आहे, त्याला ‘नको’ म्हणण्याची मोकळीक किती असते, हा प्रश्न कायदा नसता तरी आपण स्वतःला विचारायला हवा होता.

मग जाऊच नये का? मुलांसाठी जाऊ नये. मोठ्यांसाठी अवश्य जावे. तुम्ही परिचारिका आहात. मुलांची देखभाल करणाऱ्या बायकांना ताप, जुलाब, खरूज, भाजणे, कुपोषणाची लक्षणे यांविषयी आठवडाभर शिकवू शकलात, तर ते ज्ञान तुम्ही परतल्यावरही तेथेच राहील. त्यासाठी चौदा जणांची गरज नाही, दोघीजणी पुरेत. शनिवारी तेथील मंडळीच्या उपासनेत बसा (नेपाळमध्ये उपासना शनिवारी असते, कारण साप्ताहिक सुट्टी त्याच दिवशी असते) आणि तेथील बंधुभगिनींचे ऐकून घ्या. चौदा जणांचे मिळून ४,४८,००० रुपये होतात. एवढ्या रकमेत मुलांच्या घरांचा शोध घेऊन त्यांना टप्प्याटप्प्याने परत पोहोचवणाऱ्या एखाद्या स्थानिक कार्यकर्त्याचा वर्षभराचा पगार निघू शकेल. आपल्याकडे बालसंगोपन योजनेत मूल नातेवाइकांच्या घरी राहावे म्हणून सरकार दरमहा पैसे देते. त्यामागचा विचार हाच आहे.

बालगृहाच्या चालकांना मात्र आधी एक पत्र लिहा. किती मुलांचे पालक हयात आहेत, त्यांची शेवटची भेट कधी झाली आणि मुले घरी परत जावीत यासाठी काय चालले आहे, हे विचारा. तेथेच सहज विचारल्यासारखे आणखी एक वाक्य घाला : दसैंच्या (म्हणजे तिकडच्या दसऱ्याच्या) सुट्टीत मुले कोठे जातात? निम्मी मुले गावी जातात असे उत्तर आले, तर त्या मुलांना घर आहे. कोणालाच पाठवत नाही असे उत्तर आले, तर का पाठवत नाही, हे पुन्हा लिहून विचारा. मुलांची छायाचित्रे आणि त्यांच्या करुण कहाण्या तुम्हाला न मागताच पाठवल्या जात असतील, तर तेही एक उत्तरच समजा. पत्र या आठवड्यातच पाठवा, आणि उत्तर हाती येईपर्यंत दप्तरे विकत घेऊ नका.