पाकिटावरचा मार्च आणि आपला मार्च

प्रश्न : आमच्या पूर्वाभिमुख बाल्कनीत सकाळी चार तास ऊन असते. इंग्लंडहून आलेल्या बहिणीने दिलेले पेटुनियाचे बी मी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे मार्चमध्ये कुंडीत पेरले आणि वर बोटभर माती पसरली. मोजकीच रोपे उगवली. तीही लांबट, फिकट झाली आणि आठवड्याभरात बुंध्याशी काळी पडून आडवी झाली. बी खराब होते की माझे काही चुकले?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या वर्णनावरून बियाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. पाकिटावरचा मार्च इंग्लंडचा आहे. तिथे मार्चमध्ये बी घरात, खिडकीच्या उजेडात पेरतात आणि रात्रीची गोठवणारी थंडी संपल्यावर, मे महिन्याच्या अखेरीस, रोपे बाहेर काढतात. आपल्याकडे मार्चनंतर ऊन दिवसागणिक चढत जाते आणि कोवळ्या रोपाला ते सोसत नाही. पेटुनिया मूळची दक्षिण अमेरिकेतील असली तरी महाराष्ट्रात ती हिवाळी हंगामी फुलझाडांतच धरावी. पावसाचा जोर ओसरल्यावर, घटस्थापनेच्या सुमारास तिची पेरणी केली, तर साधारण तीन महिन्यांनी, ऐन थंडीत कुंडी बहरते.

दुसरी गोष्ट मातीच्या थराची. पेटुनियाचे बी इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये सुमारे दहा हजार बिया मावतात आणि त्यांना उगवायला उजेड लागतो. बोटभर मातीखाली गेलेल्या बीमध्ये वर येण्याएवढा साठाच नसतो. म्हणून पसरट ट्रेमध्ये दोन-तीनदा धुऊन क्षार काढलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरावे, ते ओलवून हाताने हलके सपाट करावे आणि बी केवळ पृष्ठभागावर ठेवावे. जाड कागद मधोमध दुमडून त्याच्या घडीत बी घ्या आणि काडीच्या टोकाने एकेक बी पुढे ढकला. चिमटीने टाकलेले बी एकाच जागी सांडते, रोपांची दाटी होते आणि पुढच्या निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात. पाणी वरून घालू नये. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवावा आणि वरचा थर ओला दिसू लागला की उचलून निथळत ठेवावा. वर पारदर्शक झाकण ठेवल्यास सात ते दहा दिवसांत हिरवे ठिपके दिसतात. त्या दिवशीच झाकण काढावे.

रोपे लांबट का झाली, हे समजायला नवरात्रातला घट आठवावा. देवघरातल्या मंद उजेडात घटातले धान्य उंच आणि पिवळसर वाढते. घटाला ते शोभते, पण ज्या रोपाकडून फुले हवीत त्याचा बुंधा असा कमकुवत राहून चालत नाही. उगवण होताच ट्रे बाल्कनीतल्या सर्वांत उजेडाच्या जागी, कोवळ्या उन्हात ठेवावा. बुंध्याशी काळे पडून आडवे होणे हा रोपे कोलमडण्याचा रोग आहे. तो पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशींमुळे होतो आणि सततची ओल, दाटी व कोंदट हवा त्याला पोषक ठरतात. एकदा आडवे झालेले रोप परत उभे राहत नाही, त्यामुळे बागेतली जुनी माती टाळणे आणि पेरणीपूर्वी कोकोपीटमध्ये ट्रायकोडर्मा ही रोगकारक बुरशींना रोखणारी उपयोगी बुरशी मिसळणे हाच खरा उपाय आहे. रोपाला चार खरी पाने (उगवताना दिसणाऱ्या पहिल्या जोडीनंतरची) आली की ते लहान पेल्यात हलवावे, सहा-सात पानांवर शेंडा खुडावा आणि पुढे आठ इंची कुंडीत एकच रोप लावावे. चार तासांच्या उन्हात फुले येतील, मात्र कुंडी कठड्यालगत ठेवून आणखी तासभर ऊन मिळाले तर फरक डोळ्यांना दिसेल.

एक विनंती आहे. प्लांट क्वारंटाइन ऑर्डर, २००३ नुसार परदेशातून पेरणीचे बी आणताना आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. बियांबरोबर नवे रोगही येऊ शकतात. पेटुनियाचे चांगले बी आपल्याकडे सहज मिळते, ते घ्यावे.

प्रश्न : नॅस्टर्शियमचा वेल हिरवागार आहे, पण फूल एकही नाही. दर पंधरवड्याला खत घालते.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : खत थांबवा. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या डोंगराळ भागातून आलेली ही वनस्पती हलक्या जमिनीत फुलते आणि नत्र जास्त झाले की नुसती पाने काढते. पुढच्या वेळी बी रात्रभर भिजवून थेट कायमच्या कुंडीत, सुमारे एक सेंटिमीटर खोल टोकावे. मुळे हलवलेली तिला आवडत नाहीत.

प्रश्न : ॲडेनियमला शिंगांसारख्या दोन शेंगा आल्या आहेत. बी पेरल्यास असेच गडद लाल फूल मिळेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तशी खात्री देता येत नाही, कारण परपरागीभवनामुळे प्रत्येक रोप वेगळे निघते. हुबेहूब तोच रंग हवा असेल तर कलमच करावे लागते. तरीही बी अवश्य पेरावे, कारण ॲडेनियमचा तो देखणा, फुगीर बुंधा बियांपासूनच उत्तम घडतो. शेंगा फुटण्याआधी त्यांना दोरा गुंडाळा. बियांच्या दोन्ही टोकांना रेशमी तंतूंचे झुपके असतात आणि शेंग उकलली की एका झुळकीत त्या उडून जातात. ताज्या बिया रेतीमिश्रित कोकोपीटवर आडव्या ठेवून पातळ थराने झाका, आठवड्याच्या आत त्या उगवतात. पहिले फूल यायला वर्ष ते दीड वर्ष लागते. ठाण्याच्या पावसात रोपे छताखालीच ठेवा, अन्यथा बुंधा कुजतो. ही झाडे कण्हेरीच्या कुळातली आहेत आणि त्यांचा चीक विषारी असतो, म्हणून छाटणीनंतर हात साबणाने धुवावेत आणि कुंडी लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी.