सबयुनिट : उपएकक, उपघटक की घटकप्रथिन?

खानापूरकडच्या एक ताई पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) जीवशास्त्र शिकवतात. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलांसाठी टिपणं काढताना त्यांनी लिहिलं, 'उपएककांच्या बनावटीनुसार जी-प्रथिनाने उघडणाऱ्या पोटॅशियम चॅनेलचं काम बदलतं'. (चॅनेल म्हणजे पेशीच्या पटलातलं प्रथिनाचं दार; जी-प्रथिन म्हणजे बाहेरून आलेला संदेश पेशीच्या आत पोचवणारं प्रथिन.) त्यांचा प्रश्न : 'सबयुनिट'साठी, म्हणजे अनेक साखळ्या जुळून बनलेल्या प्रथिनातल्या एकेका साखळीसाठी, 'उपएकक' चालेल का?

ताई, आधी 'बनावट' काढा. मराठी मुलाला त्यात खोट्या नोटा दिसतील. 'जुळणी' लिहा.

'एकक' म्हटलं की मीटर, किलोग्रॅम आठवतात. 'घटक' जवळचा, पण आपल्याकडे कर्नाटकाच्या बसवर 'घटक' म्हणजे चक्क आगार! तरी मराठी अर्थ नेमका बसतो : ज्यांच्या मिळण्याने वस्तू होते ते. मला खटकतो तो 'उप'. त्याने दुय्यमपणा येतो, आणि इथे तर सगळा कारभार या घटकांच्याच हाती आहे.

या चॅनेलचं इंग्रजी लघुनाम 'गर्क' (GIRK; आपल्या 'कामात गर्क'शी संबंध नाही). प्रत्येक चॅनेल चार प्रथिनसाखळ्यांचा (याच सबयुनिट), आणि सस्तन प्राण्यांत साखळ्यांचे प्रकारही चार : गर्क १ ते गर्क ४. हृदयाच्या अलिंदात (वरच्या कप्प्यात) गर्क १ आणि गर्क ४ एकत्र येतात. मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या व्हेगस चेतातंतूतून ॲसिटिलकोलिन हे संदेशवाहक रसायन सुटलं की जी-प्रथिनाचा 'बीटा-गॅमा' नावाचा भाग या चॅनेलला चिकटतो, पोटॅशियम बाहेर पडतं, ठोके मंदावतात. यातला गर्क १ मोठा मजेदार. एकटा असला तर पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोचतच नाही. बाहेर नेणारा संकेत त्याच्याकडे नाही, जोडीदार त्याला घेऊन येतो. पण एकदा जोडीत बसला की प्रवाह कितीतरी वाढतो, कारण चॅनेल जास्त वेळ उघडा राहतो. गर्क २ मात्र स्वतःच्याच चार प्रतींनी काम भागवतो. मेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींत गर्क १ नसतोच, तिथला कारभार मुख्यतः गर्क २च्या जोरावर चालतो. गर्क ३ उलट्या चालीचा : त्याच्यावर लायसोसोमकडे (पेशीतल्या कचरा पचवणाऱ्या पिशवीकडे) नेणारा संकेत असतो, त्यामुळे तो मिसळला की पृष्ठभागावरचे चॅनेल कमी होऊ शकतात.

म्हणून मी 'घटकप्रथिन' सुचवेन. नुसतं 'घटक' लिहिलं तर मुलं पोटॅशियमलाही त्यात धरतील. वाक्य असं होईल : 'कोणती चार घटकप्रथिनं जुळली, त्यावर चॅनेल कुठे पोचेल आणि किती वेळ उघडा राहील हे ठरतं.' परीक्षा इंग्रजीतून आहे, तेव्हा वर्गात तोंडी 'सबयुनिट'च म्हणा.