खंड्याला गुरू शोधताना

मिनेसोटात नोव्हेंबर संपत आला की तळी गोठू लागतात, बदकांचा हंगाम आवरत येतो आणि माझ्याकडे एका ठरावीक काळजीचे फोन सुरू होतात. रिट्रीव्हर कुत्र्यांना शिकारीचं शिक्षण देणारे इथले बरेच ट्रेनर हिवाळ्यात सगळी कुत्री ट्रेलरमध्ये घालून दक्षिणेला, टेक्सास किंवा जॉर्जियाकडे जातात. तिथे पाणी गोठत नाही, सराव चालू राहतो. त्यामुळे कुत्रा द्यायचा की नाही आणि कोणाच्या हाती द्यायचा, हे मालकाला याच दिवसांत ठरवावं लागतं.

मी कुत्र्यांच्या वर्तनाबाबत कुटुंबांना समुपदेशन करते. हा अनुभव अशाच एका मराठी कुटुंबाचा आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

फोनवर वडील होते. "ताई, आमचा लॅब्रॅडॉर सात महिन्यांचा आहे. ट्रेनर म्हणतो जानेवारीत नेतो, एप्रिलमध्ये तयार करून आणून देतो. तीन महिन्यांत तो आम्हाला विसरेल का हो?"

नाही विसरत. याहून कितीतरी जास्त काळाने भेटलेला कुत्रासुद्धा आपल्या माणसाला वासावरून, आवाजावरून ओळखतो. हे मी त्यांना लगेच सांगितलं. तरी त्यांचा आवाज काही हलका झाला नाही. म्हटलं, मी घरीच येते.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी इथे थोडं सांगायला हवं. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे लॅब्रॅडॉर म्हटलं की फ्लॅटमध्ये लोळणारा, पोळी बघून लाळ गाळणारा गोड प्राणी डोळ्यांसमोर येतो. पण रिट्रीव्हर म्हणजे परत आणून देणारा. पडलेला पक्षी पाण्यातून, गवतातून शोधून, दातांची खूण न उमटवता हातात आणून देणं, यासाठी ही जात घडवली गेली. अमेरिकेत शिकारीच्या कामासाठी वेगळी पैदास होते. ती पिल्लं अंगाने सडपातळ आणि विलक्षण चपळ असतात, त्यांना काम मिळालं नाही तर घर डोक्यावर घेतात. या घरातलं पिल्लू त्याच रक्ताचं होतं. पाणी दिसलं की सूर मारायचा म्हणून त्याचं नाव खंड्या.

चौदा वर्षांचा मुलगा शेजारच्या आजोबांबरोबर बदकांच्या शिकारीला जाऊ लागला होता. बंदूक सुरक्षेचा सरकारी अभ्यासक्रम रीतसर पुरा केला होता. आईला शिकार पटत नव्हती, आजही पटत नाही. पण जो मुलगा शाळेसाठी तीन हाका मारल्याशिवाय उठत नाही, तो कुत्र्यासाठी पहाटे चारला आपणहून उठतो, हे तिने पाहिलं होतं आणि ती गप्प राहिली होती.

मी गेले तेव्हा खंड्या छान खेळला. मग वडिलांनी कोपऱ्यातली बंदुकीची लांब पिशवी हलवली आणि तो शेपूट पायात घालून जेवणाच्या टेबलाखाली गेला. मुलगा उठून खोलीत निघून गेला.

हळूहळू कळलं. ऑक्टोबरमध्ये बापलेक त्याला नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेले होते. "आवाजाची सवय होईल" असं कोणीतरी सांगितलं होतं. पाच-सहा बंदुका एकदम सुरू झाल्या, खंड्याने हिसका देऊन पट्टा सोडवला आणि गाडीखाली जाऊन बसला. तासभर निघेना. हे त्यांनी त्या ट्रेनरला सांगितलंच नव्हतं. त्यानेही विचारलं नव्हतं.

ही चूक फार लोक करतात आणि प्रेमापोटीच करतात. बंदुकीच्या आवाजाची भीती बहुतेक वेळा जन्मजात नसते, आपण ती लावतो. पिल्लाला आवाजाचा अर्थ माहीत नसतो. पहिला अर्थ 'धावत जा, पक्षी मिळेल' असा लागला तर जन्मभर तो आवाज ऐकून उत्साहाने थरथरतो. पहिला अर्थ 'आभाळ कोसळलं' असा लागला तर तो पुसायला महिने लागतात, आणि काही कुत्र्यांच्या बाबतीत तो कधीच पुसला जात नाही. हे मी त्या घरात स्पष्ट सांगितलं. खोटी आशा देणं मला जमत नाही.

मुलाच्या खोलीच्या दाराशी गेले. तो म्हणाला, "मावशी, मी त्याला बिघडवलं. आता ट्रेनरच नीट करेल ना?"

खरी काळजी ही होती. घाई वडिलांची नव्हती, मुलाची होती. आपली चूक कोणीतरी दूर नेऊन दुरुस्त करावी आणि एप्रिलमध्ये नवाकोरा कुत्रा परत मिळावा, असं त्याला वाटत होतं. मी म्हटलं, "त्याला भीती तुझ्याजवळ असताना बसली. ती जाईल तेव्हाही तू जवळ असलेला बरा."

मग आम्ही त्या ट्रेनरला फोन लावला. मी तीनच गोष्टी विचारायला सांगितल्या. सराव चालू असताना आम्ही येऊन पाहू शकतो का? 'नाही, कुत्र्यांचं लक्ष विचलित होतं.' बंदुकीला घाबरलेल्या कुत्र्याचं काय करता? 'आठ आठवड्यांत सरळ होतो, हमी देतो.' तोंडात वस्तू धरून ठेवायला कसं शिकवता? याचं उत्तर त्याने टाळलं. तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. अमेरिकेत अनेक जुन्या पद्धतीचे ट्रेनर कान चिमटून हे शिकवतात, विजेच्या झटक्याचा पट्टाही सर्रास वापरतात. वेल्समध्ये तो पट्टा 2010 पासून बंद आहे. घाबरलेल्या पिल्लावर या दोन्ही गोष्टी वापरू नयेत असं माझं ठाम मत आहे. काही चांगल्या ट्रेनरांचं मत वेगळं असतं, पण ते काय आणि का करतात हे तोंडावर सांगतात. जो सांगत नाही, त्याच्याकडे कुत्रा सोडायचा नाही. आणि हमी देणाऱ्याकडे तर मुळीच नाही. जिवंत प्राण्याची हमी कोण देणार?

शोध पुन्हा सुरू झाला. जाहिराती बाजूला ठेवा, माणसांना विचारा, असं मी सांगितलं. इथे रिट्रीव्हर क्लब असतात, त्यांच्या चाचण्या होतात. अमेरिकन केनेल क्लबच्या चाचण्यांत ज्युनियर, सीनियर आणि मास्टर अशा पायऱ्या आहेत, आणि सहा महिन्यांवरचा कुत्रा ज्युनियरला उतरू शकतो. ज्यांची कुत्री शेपूट हलवत चाचणीच्या सुरुवातीच्या रेषेवर येतात, त्यांना विचारायचं, "तुम्ही कोणाकडे शिकलात?" एकच नाव तीनदा कानावर आलं. तालुक्याच्या गावासारख्या एका छोट्या गावात राहणारी ती बाई हिवाळ्यात दक्षिणेला जात नव्हती. फोनवर तिनेच अर्धा तास प्रश्न विचारले. कान तपासलेत का? सांधे दुखत नाहीत ना? पशुवैद्याकडे जाऊन या, मग बोलू. पहिली भेट तिने कुत्र्याशिवाय ठेवली, आणि तिच्याकडची कुत्री सराव करताना यांना नुसतं बघत बसायला लावलं. खर्च स्वस्त नव्हता. महिन्याचे पैसे वेगळे, सरावाच्या पारव्यांचे वेगळे. पण तिची अट अशी की कुत्रा घरीच राहील आणि दर शनिवारी मुलगा त्याला घेऊन येईल.

पहिले दोन महिने बंदूक दिसलीसुद्धा नाही. बर्फात बंपर, म्हणजे पक्ष्याऐवजी सरावाला वापरतात ती लांबट वस्तू, फेकायचा, तो खंड्याने आणायचा, पंखाचा वास, मग पारवा. खंड्याला पक्ष्याचं वेड लागेपर्यंत ती थांबली. मार्चमध्ये, तो पक्ष्यामागे सुसाट धावत असताना, दोनशे पावलांवरून स्टार्टर पिस्तुलाचा, म्हणजे शर्यत सुरू करताना नुसता बार काढतात त्या पिस्तुलाचा, एक आवाज. तो थबकला, कान मागे गेले. त्या दिवशी पुन्हा आवाज नाही. पुढच्या वेळी अंतर आणखी वाढवलं. एकदा वडील वैतागून मला म्हणाले, "ताई, हे उलटंच चाललंय." चाललं होतं खरं, आणि मला त्याच वेळी वाटलं की ट्रेनर बरोबर मिळाली. कुत्रा घाबरला की मागे सरकायची तिला लाज वाटत नव्हती. जूनपर्यंत ते साठ पावलांवर आले.

आई शनिवारी थर्मासमध्ये चहा घेऊन गाडीत बसायची. बंदूक वाजायची त्या दिवशी खाली उतरायची नाही, बाकी दिवशी बंपर फेकायलाही जायची.

सप्टेंबरमध्ये मुलाने खंड्याला ज्युनियर चाचणीत उतरवलं. जमिनीवरचे दोन्ही पक्षी त्याने आणले. पाण्यातला पहिलाही आणला. दुसरा काठावर टाकला आणि अंग झाडत उभा राहिला. पक्षी हातात द्यावा लागतो, त्यामुळे नापास.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. मी सांत्वनाची तयारी करून बसले होते.

"मावशी," तो म्हणाला, "बंदूक वाजली ना, तेव्हा तो वर बघत होता. पक्षी कुठे पडतोय ते."